एवढं शिकून सुईण?

नर्सिंग झालं, गंगापूर रोडवरच्या एका दवाखान्यात नोकरी लागली, इथवर आमचे वडील, म्हणजे दादा, खूश होते. पण आता बाळंतपणाचं वेगळं ट्रेनिंग घ्यायचंय, मिडवाइफ व्हायचंय म्हटल्यावर त्यांचं बिनसलं. "एवढं शिकून सुईण? निफाडात लोक तोंडात शेण घालतील माझ्या." आईची काळजी वेगळीच. दिवसभर हेच पाहिलंस तर लग्नाला उभी राहशील का, असं ती विचारायची. दादांच्या होकाराशिवाय जायला मन धजत नव्हतं आणि जायचं तर होतंच. मी घरभर फुरंगटून वावरत होते.

त्यातच ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. हंगाम ऐन द्राक्षांचा, आणि कळाही नेमक्या पॅकिंगच्या दिवशी सकाळीच सुरू झाल्या. पिकअपमधले क्रेट भराभर उतरवले आणि आमची वरात निघाली सरकारी दवाखान्यात. आत सोबतीला एकच बाई चालते, म्हणून आई गेली. पण ताईपेक्षा तीच जास्त कण्हायला लागली. शेवटी ताई ओरडली, "आई, तू भायेर जा बरं! मला तुझंच टेन्शन येतंय. धाकटीला पाठव."

नर्सिंग करताना मी बाळंतपणं पाहिली होती, पण पायाशी, ट्रे धरून. या वेळी उशाशी होते. तिथल्या सिस्टरबाईंना कसलीच घाई नव्हती. पुढे काय होणार ते त्या ताईला आधी सांगायच्या, तिला फेऱ्या मारायला लावायच्या आणि मला तिची कंबर चोळायला. ताई दाजींच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती आणि सिस्टरबाई म्हणत होत्या, "कर, कर, अजून मोठ्यानं कर." दोन कळांच्या मधल्या वेळात आम्ही तिघी खदाखदा हसलो. एवढ्या घाबरलेल्या बाईलाही हसू येतं, आणि ते आणणं हे कुणाचं तरी काम असतं! मला हेच काम हवं होतं, दुसरं कुठलंच नाही. बाळ रडलं तेव्हा आनंदानं मीही भोकाड पसरलं.

बाहेर आले तर दादांच्या मांडीवर मिठाईचे दोन पुडे. आमच्याकडे मुलाचे पेढे वाटतात, मुलीची बर्फी. काय होईल सांगता येत नाही म्हणून त्यांनी दोन्ही आणून ठेवलं होतं. पण मुलगा की मुलगी हे विचारायचं ते विसरूनच गेले. "थोरली कशी हाय?" एवढंच म्हणाले.

"ठणठणीत," मी सांगितलं. "मुलगी झाली. आणि ताईला भूक लागलीय."

दादांनी दोन्ही पुडे फोडले आणि दिसेल त्याच्या हातावर एक पेढा, एक बर्फी ठेवत सुटले. जुळं झालं असं समजून लोक त्यांचं अभिनंदन करायला लागले, आणि दादा सगळ्यांना हात जोडत राहिले. बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांची सून आत होती. हातातला पेढा तोंडात घालायचंही त्यांना सुचत नव्हतं. दादा त्यांच्या शेजारी टेकले.

"नका घाबरू, बाबा," माझ्याकडे बोट दाखवत ते म्हणाले, "ही आमची धाकटी आतच व्हती. सुईणीचं शिकायला चाललीय ती."