शकूताईंचे पात्यांचे बूट

त्या दिवशी सकाळी वरून टकटक आली नाही. आमचं घर रत्नागिरीत, माळनाक्याजवळ. खाली माझं ब्युटी पार्लर आणि आम्ही, वर शकूताईंची खोली. शकूताई म्हणजे माझ्या मोठ्या नणंदबाई. रोज सकाळी मी चहाचं आधण ठेवलं की डोक्यावर टक... टक... टक सुरू व्हायचं. साठी ओलांडलेल्या ताई बर्फावर घसरायचे बूट घालून, त्यांच्या पात्यांवर प्लास्टिकची टोपणं चढवून, खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायच्या. त्या दिवशी आधण आटून गेलं तरी वर सामसूम. मी जिन्यातूनच ओरडले, "ताई, आज सुट्टी काय ओ?" वर जाऊन बघते तर... झोपेतच गेल्या होत्या. चेहरा असा, की आत्ता उठून म्हणतील, "चहा झाला काय गो?" डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. मला ते पटेचना. ताईंचं काहीही थांबू शकतं, हेच मला पटत नव्हतं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धविहारात लोक त्यांच्याबद्दल भरभरून बोलले. मंडणगड तालुक्यातल्या शाळांत आयुष्यभर शिकवलं, शिस्तीच्या बाई, लग्न केलं नाही, कितीतरी मुलींना पुढे शिकायला लावलं... सगळं खरं. पण बुटांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. जणू म्हातारपणीचा चळ होता तो, झाकून ठेवलेला बरा! मला असा राग आला म्हणून सांगू. मी भुवया कोरणारी बाई, लिहिण्याशी माझा संबंध किराण्याच्या यादीपुरता. पण त्या बुटांची गोष्ट माझ्याइतकी कुणालाच ठाऊक नाही, म्हणून बसलेय लिहायला.

सुरुवात झाली ती नव्या मुंबईतल्या एका लग्नामुळे. लग्न आटोपल्यावर पोरींनी आम्हाला एका मॉलमध्ये नेलं, तिथे बर्फाचं छोटंसं मैदान. काचेपलीकडे एक बाई, माझ्याच वयाची असेल, एका पायावर गर्रकन फिरत होती. ताई काचेला नाक लावून उभ्या. "आपण पण जाऊ या," म्हणाल्या. मला वाटलं, काहीतरी खायला जाऊ म्हणतायत. बघते तर बाईसाहेब तिकिटाच्या रांगेत! भाड्याचे बूट म्हणजे टणक प्लास्टिक, कोणाकोणाच्या पायांनी ढिलं केलेलं. ताईंचे घोटे आतल्या बाजूला कलंडत होते, टाच आत खालीवर होत होती आणि कठडा काही सुटत नव्हता. पण तोंडावर हसू काय होतं! इतक्या वर्षांत मी ते पाहिलंच नव्हतं. तिथे शिकवणाऱ्या मुलीने खाली वाकून बघितलं आणि म्हणाली, "काकी, पाय मजबूत आहेत तुमचे. बूट बेकार आहेत. स्वतःचे घ्या." झालं! परतीच्या प्रवासात ताईंनी दुसरा विषय काढला असेल तर शपथ.

घरी आल्यावर आमच्या यजमानांनी आधी चेष्टा केली. प्रकाश, ताईंचे धाकटे भाऊ. "रत्नागिरीत बर्फ मिळतो तो मासळीबाजारात. सुरमईच्या अंगावरनं घसरणार काय तू?" मी हसले, ताईही हसल्या. मग यांचा आवाज बदलला. "ताई, या वयात हाड मोडलं तर जुळत नाही. आईचं काय झालं विसरलीस?" सासूबाई पडवीत घसरून पडल्या त्या पुन्हा उठल्या नाहीत, आणि त्यांचं शेवटपर्यंत सगळं यांनीच केलं होतं.  ताई म्हणाल्या, "आई घरातल्या घरात पडली, प्रकाश. म्हणून आपण घरात चालायचं सोडलं काय? मला कठडा सोडून एक फेरी मारायचीय. आख्खी. माझ्या बुटात. मग खुशाल ओरड." यांनी तोंडासमोर पेपर धरला. त्या दिवसापासून बुटांचा विषय निघाला की पेपर वर जायचा.

आमची मात्र चंगळ सुरू झाली. पार्लर रिकामं झालं की मोबाइल मधे ठेवून आम्ही दोघी बूट बघत बसायचो. माझ्या एका गिऱ्हाइकाने सुचवलं, चाकांचे घ्या, इथे रस्त्यावर तरी चालतील. ताई म्हणाल्या, "मला सरकायचंय गो, गडगडायचं नाय." त्यांचं मन बसलं होतं एका पांढऱ्याशुभ्र उंच जोडीवर. दिसायला काय देखणी! पण शिकवणाऱ्या त्या मुलीला फोन लावला, तर ती म्हणाली, काकी, ते उड्या मारणाऱ्यांचे, घोट्याला लाकडासारखे कडक, तुमचा गुडघाच वाकणार नाही त्यात. नवशिक्यांना जरा मऊ बूट हवा. ताईंनी उंच जोडीला हात जोडले आणि मऊतली एक पांढरी जोडी पसंत केली. खाली पातं, पात्याच्या पुढच्या टोकाला बारीक दात.

आता माप. इथे आम्ही जी माती खाल्ली ती फक्त कोकणातली माणसंच खाऊ शकतात! आमच्याकडे पायात घालायचं काहीही घ्यायचा नियम एकच, बोटभर सैल. शाळेचा बूट पुढच्या वर्षीही व्हायला हवा. त्यात बर्फ म्हणजे थंडी, म्हणून आम्ही यांच्या महाबळेश्वरच्या सहलीचे लोकरीचे मोजे शोधून काढले आणि ताईंनी ते एकावर एक दोन जोड चढवले. खुर्चीत आरामात बसून पाय पुढे केला, मी कागदावर आयब्रो पेन्सिलने रेघ मारली, वर आणखी एक नंबर वाढवला. थंडीची तयारी तर अशी, जसं काय हिमालयात निघालोय.

पार्सल हायवेवरच्या हातखंब्यापर्यंत आलं आणि तिथेच अडकलं. गाडी उद्या येईल म्हणाले. उद्या? ताई? रिक्षा करून आम्ही हातखंब्याला! खोका ताब्यात मिळाला तसा ताईंनी तो समोरच्या चहाच्या टपरीवर, बाकड्यावरच फोडला. ट्रकवाले चहा प्यायचे थांबले. टपरीवाला म्हणाला, "काय ओ मावशी, बुटांना सुऱ्या कशाक?" ताईंनी मोजे चढवले, बूट घातले, "बघतंस काय गो, ओढ नाडी!" मी गच्च ओढली. टोपणं लावून त्या उभ्या राहिल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवून गुडघे वाकवले... आणि टाच आत सुळकन वर आली. पुन्हा वाकवले, पुन्हा वर. भाड्याच्या बुटात व्हायचं तेच. ताई खाली बसल्या. "सैल झाले गो," एवढंच म्हणाल्या, आणि मला रडू आलं. ट्रकवाल्यांपैकी एकाने आम्हा दोघींना चहा दिला.

बूट परत पाठवले, आणि मग आम्ही माणसासारखं माप घ्यायला शिकलो. मोजा पातळ, पायात असून नसल्यासारखा. बसायचं नाही, उभं राहायचं, कारण अंगाचा भार आला की पाय पसरतो. टाच भिंतीला टेकवायची. पेन्सिल सरळ उभी धरायची. दोन्ही पाय मापायचे, कारण ते सारखे नसतात. आणि स्वतःचं माप स्वतः काढायचं नाही, वाकलं की भार सरकतो. मी पार्लरच्या फरशीवर उकिडवी बसून रेघ ओढत होते आणि ताई वरून शाळेतल्या आवाजात बजावत होत्या, "टाच बघ गो! टाच भिंतीला टेकली पाहिजे." लहानपणी अनवाणी भाताच्या खाचरात फिरलेला तो पाय, पंजा रुंद, करंगळी बाहेर फाकलेली. आतल्या खोलीत पडद्यामागे पेपरची पानं उलटत होती.

दुसरी जोडी आली तेव्हा घरीच, भिंतीला पाठ लावून घातली. सरळ उभं राहिल्यावर अंगठे पुढे जेमतेम लागत होते, गुडघे वाकवले की मागे यायचे. टाच जागची हलेना! मी नाचलेच. फक्त करंगळीपाशी जीव जात होता. असे बूट गरम करून पायावर बसवतात, हे आम्ही मोबाइलवर बघितलं होतं. गरम करायला माझ्याकडे काय नव्हतं? ज्या ड्रायरने मी नवऱ्यामुलींचे केस वाळवते, त्याने बूट शेकला, ताईंनी पाय घातला, नाडी बांधली, बोटांवर जरा सैल, घोट्यापाशी पाय वाकतो तिथे गच्च, वर पुन्हा सैल. मग बूट निवेपर्यंत न हलता बसायचं. फेशियलच्या खुर्चीत पात्यांचे बूट घालून ताई बसल्यात, शेजारच्या खुर्चीत मेंदी लावलेली बाई टकामका बघतेय, आणि ताई तिला सांगतायत, "करंगळीला जागा करतेय हो." करंगळीपाशी चामडं हळूहळू फुगलं, आणि बूट त्यांचा झाला.

आणि मग तो दिवस. यांना म्हटलं, चला. म्हणाले, "मला बघवायचं नाही." नव्या मुंबईला आम्ही दोघीच गेलो. बर्फावर पाय ठेवल्या ठेवल्या ताईंनी माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. घोटे सरळ! ताठ! कठड्यावरचा हात थोडा सुटला, पुन्हा धरला, पुन्हा सुटला... आणि त्या निघाल्या. हात पसरून, ओठ आवळून, कोपऱ्यावर डगमगल्या, पण सावरल्या, वळल्या, पलीकडच्या बाजूने सरकत सरकत परत माझ्यापाशी. आख्खी फेरी! "सुटला गो! सुटला कठडा!" अशा किंचाळल्या की सगळं मैदान वळून बघायला लागलं. घरी आल्यावर यांना सांगायला गेल्या, तर हे पेपरमागून म्हणाले, "पडली नाहीस ना?" "नाय." "बरं." त्यानंतर ताई जमेल तेव्हा जात राहिल्या आणि पाय तयार राहावेत म्हणून रोज सकाळी वर टकटक करत राहिल्या.

आता खोली आवरायला काढली. त्यांनी बूट जुन्या साडीच्या पिशवीत ठेवले होते, पाती पुसून खोबरेल लावलेली, खारी हवा लागू नये म्हणून. मी आत हात घातला. आतून पाय तसाच होता. टाचेचा खळगा, अंगठ्याची बैठक, आणि बाहेरच्या बाजूला करंगळीची ती छोटीशी खोली... माझा हात तिथेच राहिला. खूप रडले. मग डोळे पुसले आणि बूट घालून बघितले. कुठले होतात! माझी टाच लटपटते, करंगळी रिकाम्या जागेत. ते ताईंच्याच पायाचे, दुसऱ्या कोणाला होणारच नाहीत. आणि तिथेच, जमिनीवर बसल्याबसल्या, माझ्या मनाने घेतलं. मला माझे हवेत.

खाली आले, कागद घेतला, पातळ मोजे घातले, भिंतीला लागून उभी राहिले. पेन्सिल हातात, आणि मग लक्षात आलं, स्वतःचं माप स्वतः काढता येत नाही. तशीच उभी राहिले. ताई असत्या तर...

आतल्या खोलीत पेपर खाली ठेवल्याचा आवाज आला. हे बाहेर आले. माझ्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं. माझ्या हातातून आयब्रो पेन्सिल घेतली आणि गुडघे दुखतात तरी फरशीवर खाली बसले.

"टाच भिंतीला टेकव," म्हणाले. "भार दोन्ही पायांवर. आणि हलू नकोस."

मी हलले नाही. पेन्सिल सरळ उभी धरून ते सावकाश रेघ ओढत होते.