माळावरची हिरवळ कुणाचं पाणी पिते?

मला कुणी फार प्रेमाने बोलावलं की मी आधी बघते, दाराची कडी आतून आहे की बाहेरून. नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हा अहमदनगर जिल्ह्यातल्या एका नव्या व्यवस्थापन संस्थेने मला असंच बोलावलं. मी पुण्यातल्या एका कॉमर्स कॉलेजात कॉस्टिंग शिकवत होते. नोकरी कायम, घरून चालत जाण्याएवढी जवळ. आणि हे संचालक फोनवर सांगत होते की त्यांना एमबीएच्या मुलांना ‘शाश्वत विकास’ हा विषय सक्तीचा करायचाय. नुसता फळ्यावर नाही, वसतिगृहात, मेसमध्ये, आवारात, सगळीकडे. पहिल्या वर्षी हा विषय त्यांनी स्वतःच कसाबसा शिकवला होता, पण आता शिकवणारं माणूस मिळालं नाही तर तो बंद करावा लागेल. तुम्ही या, मुक्काम करा, एक तास घेऊन बघा, मग ठरवा.

विषय माझ्या आवडीचा होता. बॅलन्स शीटमध्ये नदीचा खर्च कुठे धरतात, असं मी माझ्या कॉलेजात विचारलं होतं, तेव्हा विभागप्रमुखांनी मला सुट्टी घ्यायचा सल्ला दिला होता. त्यामुळे मोह झालाच. पण इतक्या गोड फोनवर माझा विश्वास बसेना.

“तू देवळात गेलीस तरी मूर्ती मागून कशी आहे ते बघून येशील,” आमचे हे म्हणाले. “जाऊन तर ये. नाहीच पटलं तर येताना राहात्याचे पेरू आण.”

फेब्रुवारीतल्या एका सकाळी शिवाजीनगर स्टँडवरून नगरची एसटी पकडली. तुमच्यापैकी कुणी आता त्या रस्त्याने गाडीतून सुसाट जाणार असेल, तर त्याला आमचे हाल कळायचे नाहीत. तेव्हा उसाच्या ट्रकमागे लागलं की तासभर त्याचीच शेपटी बघायची. शिरूरला गाडी थांबली, वडा आणि चहा घेतला. वडा गरम होता, चहा नव्हता. संचालकांनी फोनवर दोनदा म्हटलं होतं की “आमच्याकडे छोटं राळेगणच उभं राहतंय”. म्हणजे आधी मोठं राळेगण बघायला हवं. वाडेगव्हाणच्या फाट्यावर उतरले आणि माणसांनी गच्च भरलेल्या जीपमधून राळेगणसिद्धीला गेले.

डोंगराला आडवे चर, अडवलेले ओढे, उन्हं तापायला लागली तरी विहिरींना पाणी. बघून बरं वाटलं, आणि लगेच मनात आलं, पाहुण्यांसाठी किती आणि रोजचं किती? दुधाच्या डेअरीपाशी एक बाई कॅन घेऊन उभ्या होत्या. मी काही विचारायच्या आधीच त्यांनी मला विचारलं, “तुमी बँकेच्या का कॉलेजच्या?”

“कॉलेजच्या.”

“मंग आधी डोंगर बघा, मंग मंदिर. बँकेची मान्सं आधी डेअरी बघत्यात.” त्या हसल्या. “आन चर खरंच आमीच खनले का, आसं इचारायचं आसंल तर इचारा. समदे इचारत्यात.”

मी तोच प्रश्न विचारणार होते. तो राहू दिला आणि त्यांच्याबरोबर चहा प्यायले.

संध्याकाळी नगरला पोचले. माळीवाडा स्टँडजवळच्या लॉजवर खोली घेतली. स्वच्छ चादर मागितली तर मॅनेजरने तीच चादर उलटी करून घातली. जेवण मात्र उत्तम मिळालं, हुलग्याची शेंगोळी आणि बाजरीची भाकरी, पोटभर आणि स्वस्त. बाईने एकटीने जायचं असेल तर खोली रस्त्याच्या बाजूची घेऊ नये, रात्रभर हॉर्न वाजतात.

दुसऱ्या दिवशी मनमाडच्या रस्त्याला लागले. राहुरीच्या पुढे दोन्ही बाजूंना ऊस, रस्त्याच्या कडेने उसाच्या बैलगाड्या आणि हवेत मळीचा आंबट वास. कोल्हारला प्रवरेच्या पुलाच्या आसपास सगळं हिरवंगार होतं. तिथे संस्थेची जीप आली होती. जीप आत वळली, कॅनॉल ओलांडला आणि मग पाच मिनिटांत हिरवा रंगच संपला. कॅनॉलच्या वरच्या अंगाला, जिथे पाटाचं पाणी चढत नाही, अशा उघड्या माळावर संस्था उभी होती.

संचालक फाटकात उभे. पन्नाशीचे, खादीचा शर्ट, बोलणं लोण्यासारखं. संस्थेचं नाव मी लिहीत नाही, माणसाचंही नाही. त्यांनी मला सगळं फिरवून दाखवलं, आणि मी सगळं तपासलं. मेसमधलं खरकटं गोबरगॅसला जातं म्हणाले, मी मागे जाऊन झाकण उघडायला लावलं. खरंच जात होतं. माळाच्या उतारावर मुलांनी शनिवारच्या श्रमदानात चर खणलेत म्हणाले, मी चरांच्या बांधावर वाकून पाहिलं. बांधावर वाळलेलं गवत होतं, मूळ धरलेलं, म्हणजे माझ्यासाठी काल खणलेले नव्हते. वसतिगृहात प्रत्येकाची बादली, बादलीवर ऑइलपेंटने नाव. आंघोळीला एकच बादली, असा नियम. तो मुलांनीच बैठक घेऊन केला होता. सगळं खरं निघत होतं आणि मी आणखीच अस्वस्थ होत होते. इतकं खरं कसं काय असेल?

संध्याकाळी उत्तर मिळालं. मुख्य इमारतीसमोर मोठी गोल हिरवळ होती आणि तिच्यावर चार फवारे गरगरत होते. एका बादलीत आंघोळ करणारी मुलं बाजूच्या पायवाटेने, अंगावर तुषार घेत, मेसकडे निघाली होती.

“हे काय?” मी विचारलं.

“लॉन,” संचालक म्हणाले.

“ते दिसतंय. एवढं पाणी?”

“बोअरचं आहे मॅडम. पुढच्या महिन्यात तपासणी समिती येतेय. हरित परिसराचा मुद्दा आहे त्यात. आता या माळावर हिरवळ नसेल तर समितीला हरित म्हणून दाखवायचं काय? चर दाखवू? ते तर मातीचे दिसतात.”

ते अगदी मनापासून बोलत होते. शाश्वत विकास दाखवता यावा म्हणून या माणसाने बोअर मारून माळावर विलायती गवत वाढवलं होतं, आणि त्यात काही वावगं आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. मला हसू आलं आणि रागही आला.

सकाळी माझा तास होता. मी कापडगिरणीवरची एक केस स्टडी तयार करून नेली होती, ती पिशवीतच ठेवली. मागच्या बाकावर संचालक बसले होते. मी मुलांना म्हटलं, “या आवारात सगळ्यात जास्त पाणी कशावर खर्च होतं?”

“लॉनवर,” चार-पाच जण एकदम म्हणाले.

“आणि ते पाणी कुणाचं आहे?”

बोअरचं, संस्थेचं, जमिनीतलं, असं काहीजण पुटपुटले. मग खिडकीजवळची एक मुलगी उभी राहिली. सडपातळ, दोन वेण्या, हातात पेन घट्ट धरलेलं.

“मॅडम, आमच्या विहिरीचं,” ती म्हणाली. “माळाच्या खाली आमची वस्ती आहे. बोअर झाल्यापासून आमची विहीर दिवाळीनंतरच तळाला जाते. आधी उन्हाळ्यापर्यंत पुरायची.”

मी संचालकांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. ते उठले, टाळ्या वाजवल्या आणि म्हणाले, “उत्तम! संगीता, हा तुझा वर्षभराचा प्रोजेक्ट. बोअरचा विहिरीवर परिणाम. मॅडम रुजू झाल्या की त्याच मार्गदर्शन करतील.”

मुलांनीही टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. मी इतकी वर्षं कॉलेजात काढली होती, ही चाल मला नवी नव्हती. नको असलेल्या प्रश्नाचा प्रोजेक्ट करायचा. वर्षभर तो मोजला जातो, बांधणी होते, ग्रंथालयात जाऊन बसतो. तोवर समिती येऊन जाते, हिरवळ बघते, शेरा देते. आणि ही मुलगी? संगीता संस्थेच्या फी-माफीवर शिकत होती, हे मला नंतर तिनेच सांगितलं. म्हणजे माझ्या एका आगाऊ प्रश्नावर ती जे बोलून गेली होती, त्याचं ओझं आता तिच्या मार्कांवर होतं, आणि मी दुपारच्या बसने पुण्याला जाणार होते.

मी तिला म्हटलं, मला तुझी विहीर दाखव.

वस्ती चालत दहा मिनिटांवर. बौद्ध वस्ती, मध्ये छोटा विहार, निळा झेंडा, शेणाने सारवलेली अंगणं. जाता जाता मी तिला सरळच विचारलं, “हे तुला कुणी बोलायला शिकवलं होतं का? मला दाखवायला?”

ती थांबली. तिला राग आलेला दिसला. “शिकवलं ना. सरांनीच शिकवलं. ज्याचं नुकसान होतं त्यालाही हिशोबात धरायचं, हा त्यांचा पहिला धडा. त्यांना वाटलं नसेल की मी तो इथंच लावीन.”

विहिरीवर तिची आई कमलबाई पोहरा खाली सोडून बसल्या होत्या. तळाला पाणी होतं, गढूळ, पोहरा आडवा करून भरावा लागत होता. संगीताने त्यांना प्रोजेक्टचं सांगितलं.

“वरीसभर?” कमलबाई म्हणाल्या. “आन तवर आमी काय प्यायचं, तुजं प्रोजेक?” मग माझ्याकडे बघून मऊ झाल्या. “बसा बाई. च्या ठिवते. पानी हाय च्यापुरतं.”

मला त्या चहाला नाही म्हणता येईना, आणि तो घेता घेता मी हिशोब करत राहिले. विहीर उन्हाळ्यात तशीही आटत असेल, पाऊस कमी झाला असेल, बोअरचा संबंध नसेलही. कुणाला माहीत? पण ते न कळताच वर फवारे फिरत होते.

“तुमी येनार का हितं शिकवायला?” कमलबाईंनी विचारलं. “तुमी न्हाई आल्या तर विषय बंद करनार म्हनं. मंग हिचं कोन ऐकनार?”

मी कप खाली ठेवला आणि उठले. परत वर जाताना ठरवलं, की बसच्या आधी संचालकांना गाठायचं. ते ऑफिसात होते, खुशीत होते. “काय मॅडम, येताय ना?”

“प्रोजेक्ट चांगला आहे,” मी म्हटलं. “फक्त त्याची पद्धत नीट हवी. बोअरचा परिणाम मोजायचा तर बोअर बंद करून विहीर वर येते का ते बघावं लागेल. बोअर चालू ठेवून काय मोजणार?”

“समिती जाऊ दे, मग बंद करू.”

“मग प्रोजेक्ट तेव्हाच सुरू होईल. आणि माझी नोकरीही. पण तुम्ही वर्गासमोर जाहीर केलंय सर. समितीने मुलांना विचारलं, प्रोजेक्ट कुठवर आला, तर?”

ते पेपरवेट फिरवायला लागले. “हिरवळ मरेल हो.”

“मरू दे. समितीला मेलेली हिरवळ दाखवा आणि का मेली ते संगीताकडून वदवा. सगळ्या जिल्ह्यात असं दाखवणारी दुसरी संस्था सापडायची नाही त्यांना.”

हे शेवटचं वाक्य त्यांना आवडलं, ते मी स्पष्ट पाहिलं. डोळ्यांत चमक आली. विहिरीसाठी नाही, समितीसाठी आली. त्यांनी शिपायाला हाक मारली आणि बोअरची मोटर बंद करायला सांगितली. माझ्यासमोर फवारे एकेक करून खाली बसले. मला आनंद व्हायला हवा होता, पण माझ्या डोक्यात एकच विचार होता, की माझी बस कोल्हारहून सुटली की हा माणूस मोटर चालू करणार.

कोल्हारच्या स्टँडवर संगीता सोडायला आली होती. तिनेही तेच विचारलं. “मॅडम, तुम्ही गेल्यावर परत चालू केलं तर?”

“करतील,” मी म्हटलं. खोटं कशाला सांगायचं?

पुण्याला पोचेपर्यंत अंधार पडला होता. कोल्हारहून राहाता उलट्या दिशेला, त्यामुळे पेरू राहिलेच. ह्यांनी जेवायला वाढलं आणि मी सगळं सांगितलं, शेंगोळीपासून फवाऱ्यांपर्यंत. त्या प्रवासातलं पुष्कळ मी विसरले आहे, पण गढूळ पाण्यात आडवा होणारा पोहरा आणि चहापुरतं पाणी आहे असं सांगणारी ती बाई, एवढं तेव्हाही डोळ्यांसमोरून हटत नव्हतं आणि आजही हटत नाही. पुण्यातली नोकरी सोडायची म्हणजे आठवडाभर तिकडे एकटीने राहायचं, शनिवार-रविवार एसटीने यायचं, पेन्शनवर पाणी सोडायचं. ह्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे त्या माणसावर तुझा विश्वास नाही.”

“अजिबात नाही.”

“संस्थेवर?”

“तिच्यावरही नाही.”

“मग सुटलीस,” ते म्हणाले आणि मला आणखी भात वाढायला लागले. “उद्या फोन करून नाही म्हणून टाक.”

“अहो, विश्वास असता तर नाहीच म्हटलं असतं,” मी म्हटलं. “मोटर बंदच राहिली असती, मी नसते गेले तरी चाललं असतं. उद्या राजीनामा देतेय.”