सात कुर्ते आणि जिन्याखालचा प्लग

१४ डिसेंबर २०२५, रविवार. ही तारीख देशभर राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन म्हणून पाळली जाते. इंदिरानगरातील एका सोसायटीने तो दिवस पंधरवडाभर आधीच पाळायला घेतला, आणि त्याचा पहिला बळी ठरला सिंधुबाईंचा प्लग.

सिंधुबाई मूळच्या कळवणकडच्या. सोळा वर्षे जिन्याखालच्या टेबलावर त्यांनी त्या इमारतीतल्या माणसांना इस्त्री करून ताठ ठेवले. प्लग सोसायटीच्या सामाईक मीटरवर. बदल्यात जिना झाडायचा. एक डिसेंबरला अध्यक्ष ढुंढिराज दीक्षित यांनी त्या प्लगवर स्वहस्ते चिकटपट्टी मारली. पंधरवड्यात सर्वांत जास्त वीज वाचवणाऱ्या सोसायट्यांना प्रभागात बक्षिसे होती.

"अन् त्यो?" सिंधुबाईंनी हनुवटीने बाहेर दाखवले. तळमजल्यावरच्या मोबाइल शोरूमचा दोन मजली फलक भर दुपारी सूर्याला वाट दाखवत होता.

"त्यांचं मीटर वेगळं. कमर्शियल. ते आपल्या आकड्यांत धरत नाहीत."

"त्यांच्यासाठी एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची चिमणी येगळा धूर सोडती व्हय?"

अध्यक्षांनी घाईने सगळ्यांना गोळा करून वीजबचतीचा शपथविधी उरकला. छायाचित्रात 'सर्व घटक' दिसावेत यासाठी सिंधुबाईंनाही ओळीत उभे केले. 'मी विनाकारण वीज वापरणार नाही', हे सर्वांत मोठ्याने त्याच म्हणाल्या.

मग कोळशाची इस्त्री आली. एका ठिणगीने साडीला भोक पाडले. तीन घरांनी कपडे दुसरीकडे टाकले. महिनाभर असेच चालले तर टेबल उचलावे लागेल, हे त्यांना स्वच्छ दिसत होते.

शनिवारी दुपारी अध्यक्षांच्या पत्नी श्यामलाताई खादीचे सात कुर्ते घेऊन आल्या. रविवारच्या बक्षीस समारंभासाठी सोसायटीच्या समितीतल्या सात जणांचा ठरलेला पोशाख. "कोळशाची नको हं, बाई, डाग पडतात. आजच्यापुरता प्लग सुरू करतील हे."

संध्याकाळी कुर्ते परत गेले. घड्या नेटक्या, सुरकुत्या जशाच्या तशा.

ढुंढिराज चपला न घालताच खाली आले. "सिंधुबाई, ही काय थट्टा? उद्या पाहुणे येणार आहेत!"

"शपथ घेतली ना, साहेब. तुमीच म्हनून घेतली."

"अहो, पण याला कारण आहे!"

"मंग सोळा वर्सं काय बिनकारनाचं जाळत व्हते? प्लग कायमचा देता, असं लिहून द्या. नायतर घाला तसंच. चुरगळल्यानं लय वीज वाचती."

वीज वाचवायला निघालेल्या सात जणांना चुरगळलेले दिसण्याचे धैर्य नव्हते. सोसायटीच्या कागदावर शिक्क्यासह परवानगी उतरली, चिकटपट्टी निघाली, आणि रविवारी कडक कुर्त्यांनी दुसरे बक्षीस स्वीकारले. मागे फलक झगमगत होता. छायाचित्र त्यामुळेच उजळ आले.

परवानगीचा कागद टेबलावरच्या चादरीखाली आहे. सोसायटीच्या प्रमाणपत्रावर बचत अठ्ठेचाळीस युनिट अशी नोंद आहे. त्यातली किती संवर्धनाची आणि किती सिंधुबाईंच्या बंद इस्त्रीची, हे कळत नाही. त्याच पंधरवड्यात फलकाने किती वीज खाल्ली, तेही ठाऊक नाही. ते मोजायला कोणालाच सांगितलेले नव्हते.