हातांनी गिळलेली पायरी

घरांना रंग देणं हा त्याचा धंदा, आणि धाकट्या बहिणीची व्हीलचेअर ढकलणं ही लहानपणापासूनची सवय. बहीण त्याला ड्रायव्हर म्हणे. भांडण झालं की हमाल.

तिला चष्म्याच्या दुकानात काम लागलं. अट तिनंच घातली: जायचं ते एकटीनं.

"तू मागे असलास की लोक माझ्याशी बोलायचं ते तुझ्याशी बोलतात."

त्यानं वाद घातला नाही. मोबाइलवर एक खुला नकाशा होता. कुणीही त्यात माहिती भरावी, कुणीही वापरावी. कामावरून येता-जाता तो भरत राहिला: इथे उतार, इथे पायरी, इथे खांब आडवा. रंगानं माखलेल्या बोटांना स्क्रीन दाद देईनाशी झाली, की तो नाकाचा शेंडा टेकवी. शेवटी नकाशानं घरापासून दुकानापर्यंत व्हीलचेअरची वाट दाखवली.

काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी ती एकटी सरावाला निघाली. थोड्याच वेळात फोन आला.

"दादा, औषधाच्या दुकानापाशी पायरी आहे."

"नाहीये. मी स्वतः सपाट म्हणून भरलंय."

"मग मी काय हवेत अडकलेय?"

तो गेला. पायरी होती, चार बोटं उंच. तो खुर्चीमागे उभा राहिला आणि मुठी आपसूक खाली दाबल्या गेल्या. पुढची चाकं उचलली गेली. तेव्हा त्याला कळलं. ही पायरी त्याच्या हातांनी केव्हाच गिळली होती. डोळ्यांपर्यंत ती पोचलीच नव्हती. अशा आणखी किती असतील?

"उद्या मीच सोडतो तुला."

"सोडायला मी पार्सल आहे? चाकं खाली ठेव. आता मागून चाल, हात खिशात."

ती अडेल तिथे तो थांबून नोंद करी. संध्याकाळपर्यंत वाट बदलली. मोठा रस्ता सोडून नवी वाट लॉन्ड्रीमागच्या गल्लीतून वळली. लांबची, पण सलग.

सकाळी ती गेली. तोही डबा-ब्रश घेऊन निघाला. औषधाच्या दुकानापाशी त्याचा मोकळा हात खाली दाबला गेला. समोर खुर्ची नव्हती.

संध्याकाळी ती परतली, तळवे काळे झालेले.

"एक गिऱ्हाईक थेट माझ्याशी बोललं."

"काय म्हणालं?"

"चष्मा सैल होतो म्हणे."