माह्यावाला नमस्कार

माझ्या थोरल्या बहिणीचे सासरे हयात आहेत तोवर आपल्या संस्कृतीला काही होत नाही, असं माझं ठाम मत आहे. तिला जो काही धोका आहे तो रोज सकाळी हुडकेश्वरच्या आपल्या फाटकासमोरून मोटरसायकलवर जातो, असं त्यांचं ठाम मत आहे. या दोन मतांत तसा विरोध नसल्यामुळे आमचं बरं चाललं आहे. आमच्याकडे सून सासऱ्याला मामाजी म्हणते. ताई म्हणते म्हणून मीही म्हणतो, आणि मुलीकडचा माणूस असल्यामुळे जरा जास्तच अदबीनं म्हणतो. मामाजींनी सारी नोकरी कोराडीच्या वीज केंद्रात पाळ्या करण्यात घालवली आणि निवृत्त झाल्यावर हुडकेश्वरला प्लॉटवर घर बांधून समाजाची देखरेख हाती घेतली. खातं बदललं, काम तेच राहिलं, असं ते धरून चालतात. "संस्काराचं विजेसारखंच असते गा," ते मला पहिल्याच भेटीत म्हणाले होते, "तिकडे तयार भरपूर होते. घरी येता येता ड्रॉप होते." त्यामुळे कुठल्याही घरी गेले की ते आधी तिथलं व्होल्टेज बघतात. मुलांनी उठून पाण्याचा पेला आणून दिला तर पुरवठा ठीक. सोफ्यावर पाय घेऊन मोबाईल बघत राहिली तर दिवा मिणमिणतोय असं समजायचं. आमच्या महाल वस्तीतल्या घराबद्दल त्यांनी कधी काही सांगितलं नाही, पण एकदा निघताना "स्टॅबिलायझर लाव बाप्पा" म्हणाले, त्यावरून अंदाज आला.

शिक्षणाबाबत त्यांचं म्हणणं असं की शाळा चकाचक झाल्या तेव्हाच ते संपलं. शंभरात नव्वदच्या वर गुण मिळवणं त्यांना सरळसरळ अनैतिक वाटतं. माझी भाची मनू, म्हणजे त्यांची एकुलती एक नात, दहावीला नव्वदच्या पुढे गेली तेव्हा पेढे त्यांनीच वाटले. पण प्रत्येक घरी पेढ्यासोबत हेही सांगून आले की पोरगी हुशार आहे, फक्त तपासणाऱ्याचा हात सैल आहे. घरी येणाऱ्या पाहुण्याला चहाच्या आधी पाढा विचारायची त्यांची पद्धत आहे. माझी बायको बँकेत अधिकारी आहे. लग्नानंतर प्रथम तिला त्यांच्याकडे नेलं तेव्हा तिला एकोणतीसचा पाढा विचारला गेला आणि ती एकोणतीस सक्कमला अडकली. मामाजींनी फक्त माझ्याकडे सहानुभूतीनं पाहिलं. अजूनही हुडकेश्वरला जायचं ठरलं की ती स्कूटरच्या मागच्या सीटवर काहीतरी पुटपुटत असते, आणि ते स्तोत्र नसतं.

वाढदिवसाला केक कापण्याला त्यांची हरकत नाही, कारण केक त्यांना आवडतो. हरकत मेणबत्ती फुंकण्याला आहे. मनूच्या पाचव्या वाढदिवसाला पोरांनी गाणं म्हणून मेणबत्त्या विझवल्या तशा मामाजींनी शांतपणे पुढे होऊन काडेपेटीनं त्या परत पेटवल्या. पोरांना तो खेळच वाटला, त्यांनी पुन्हा फुंकल्या, यांनी पुन्हा पेटवल्या, आणि केकवर मेणाचा थर जमला. शेवटी भाऊजींनी, म्हणजे त्यांच्याच मुलानं, हात जोडले. तेव्हा ते म्हणाले, "मी जिंदगीभर लोकाइच्या घरची लाईट जाऊ नये म्हून ड्युटी केली. अन् माह्या नातीच्या वाढदिवसाले तुम्ही फुकून विझवून राहिले." तेव्हापासून त्या घरात वाढदिवसाला समई असते, आणि मेणबत्त्या शेजारच्यांच्या गच्चीवर गुपचूप फुंकल्या जातात.

उभ्यानं जेवणं हा त्यांच्या मते गुराढोरांचा शिष्टाचार. एका लग्नात बुफेची रांग बघून त्यांनी लॉनवर वर्तमानपत्र अंथरलं आणि मांडी घालून बसले. त्यांचं बघून आणखी काही म्हातारे बसले, मग त्यांच्या बायका बसल्या, आणि बघता बघता पंगत तयार झाली. केटररच्या पोऱ्यांना वाढण्याचा सराव नव्हता. त्यांनी गुलाबजामच्या आधी हात धुवायला पाणी आणलं. मामाजी तृप्त होऊन जेवले. फक्त जेवण झाल्यावर त्यांना उठता येईना. दोघांनी काखेत हात घालून त्यांना उभं केलं, तेव्हा त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि लॉन ओलं असल्याचं सांगितलं. लॉन कोरडं होतं. पण संस्कृतीच्या कामात गुडघ्याचा मुद्दा कोण काढणार?

खरं तर गुडघा हाच त्यांचा मुख्य विषय. माणसाची घसरण नमस्कारात दिसते, आणि ती खाली न होता वर होते, हा त्यांचा सिद्धांत. त्यांच्या लहानपणी लोक गुडघे टेकून पायावर डोकं ठेवत. मग नुसता हात पावलाला लागू लागला. मग तो नडगीपाशी थांबला. हल्लीची मंडळी जरासं वाकून गुडघ्याला बोट लावतात आणि आशीर्वादाची वाट बघतात. हाच वेग राहिला तर नमस्कार खांद्यापर्यंत पोचेल आणि मग त्यात आणि धक्का देण्यात फरक राहणार नाही, असं ते म्हणतात. कोणी गुडघ्याला हात लावला की ते पाय मागे घेतात आणि विचारतात, "काहून, काही दुखून राहिलं का माह्या गुडघ्यात?"

यात सगळ्यांत जास्त भरडला गेलो तो मी. आमच्या विदर्भात मुलगी कोणाच्या पाया पडत नाही, कारण ती घरची देवी. उलट मामानं भाचीच्या पाया पडायचं असतं. पुण्याच्या माझ्या मित्राला हे खोटं वाटतं. त्याला मामाजींकडे न्यायला हवं. ते फाटकाशी उभे राहून मला वाकायला लावत, आणि तेही पूर्ण, गुडघे टेकून. मनू दोन वर्षांची असताना मी एका हातात हेल्मेट आणि दुसऱ्यात संत्रा बर्फीचा डबा घेऊन पोचलो तेव्हा ती अंगणात प्लास्टिकच्या भांड्यावर बसली होती. मला वाटलं आज सूट मिळेल. मिळाली नाही. पुढे ती इंग्रजी शाळेत गेली. एकदा शाळेच्या फाटकाशी, तिच्या सगळ्या मैत्रिणींसमोर, माझा नमस्कार झाला तेव्हा ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. मला तिचा राग कळत होता. तरी एक कबूल करतो, त्या पोरीपुढे दरवेळी वाकून वाकून तिच्याविषयी माझ्या मनात जी माया आणि जो धाक तयार झाला, तो नुसत्या चॉकलेटांनी झाला नसता.

तर ही मनू बारावी झाली आणि म्हणाली, मला फिजिओथेरपी शिकायची आहे. ताईनं मला बोलावून घेतलं, कारण असल्या वेळी मामाचा शब्द चालतो अशी समजूत आहे. बायकोला घेऊन गेलो, वाकलो, बसलो. मामाजी इतके गप्प होते की त्यांनी माझ्या बायकोला पाढाही विचारला नाही. मनूला इंजिनियर करा, कोराडीला पाठवा, परदेशी पाठवा, असं सगळं ते भाऊजींना सांगून चुकले होते. होस्टेल नको, फी जास्त, असली कारणं त्यांच्याजवळ नव्हतीच. त्यांचं कारण एकच होतं आणि ते सांगताना त्यांचा आवाज बारीक झाला. "जिच्या पायाले हात लावून लोकं या घरात पाय ठेवतात," ते म्हणाले, "ते पोरगी जगाचे पाय धरत फिरन?"

मी काहीतरी बोलायला गेलो. त्यांनी हातानं थांबवलं. ताईच्या डोळ्यांत पाणी होतं, भाऊजी पंख्याकडे बघत होते. मनू मात्र उभी राहिली. ती चिडली नव्हती, आणि बोलली ती त्यांच्याच बोलीत. "आबाजी, मामा माह्या पाया पडते. मी भांड्यावर बसत होती तवापासून तुम्हीच त्याले पाया पाडून राहिले. मंग इतके वर्षं पाय धरून मामा हलका झाला का?"

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी होईल तितकं वजनदार दिसायचा प्रयत्न केला. मग ते उठले आणि बाहेर जाऊन तुळशीला पाणी घालू लागले. तिला सकाळीच घातलेलं होतं. त्यांनी हो कधी म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी ताईला फक्त एवढं म्हणाले की तिचा तो पांढरा कोट गुडघ्याच्या खाली पाहिजे. यालाच त्या घरात परवानगी म्हणतात.

मनूचं शिक्षण संपत आलं, ती इस्पितळात उमेदवारी करू लागली, आणि त्याच सुमाराला मामाजींच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदलाव्या लागल्या. शस्त्रक्रिया चांगली झाली. पुढचं बिघडलं. व्यायाम करून घ्यायला एक मुलगी आली तर यांनी पाय चादरीत ओढून घेतले. लेकी पायाला हात लावत नाहीत, तुझ्या घरी शिकवलं नाही का, असं तिला प्रेमानं विचारलं. मग एक तरुण पाठवला, त्याच्या हातावर भलंमोठं गोंदण होतं, आणि त्याच्यापुढे गुडघा वाकवणं यांच्या तत्त्वात बसेना. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आत्ता वाकला नाही तर गुडघा असाच आखडून राहील आणि न्हाणीघरातही कोणाला तरी न्यावं लागेल. मामाजींनी ऐकून घेतलं. घरी आल्यावर ते भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. रस्त्यावरून जाणाऱ्या मोटरसायकलींवरही काही बोलेनात, तेव्हा आम्ही सगळे खरोखरच घाबरलो.

मनू म्हणाली, मी करते. ते म्हणाले, तू तर बिलकुल नाही. ज्या पोरीला त्यांनी जन्मात स्वतःच्या पावलांजवळ येऊ दिलं नव्हतं, तिच्या हातात टाच द्यायची म्हणजे पाप. दोन दिवस घासाघीस झाली आणि तोडगा निघाला: आधी मनूला नमस्कार, मग तिचा हात लागेल. पण पलंगावरून यांचा हात कुठवर पोचणार? मला फोन आला. "ऑफिस सुटलं का ये गा," मामाजी म्हणाले. "तू मामा आहेस. एक तुह्यावाला पड, एक माह्यावाला."

असा मी त्यांच्या वतीनं नमस्कार करायला रोज संध्याकाळी महालातून हुडकेश्वरला जाऊ लागलो. माझा झाला की ते पलंगावरून हात जोडून डोळे मिटत आणि मी दुसऱ्यांदा वाके. त्यांच्या वाट्याच्या नमस्काराला मी अंग चोरलं तर लगेच "माह्यावाला नीट पड" म्हणून सांगत. मग मनू त्यांची टाच तळहातावर घेई आणि गुडघा हळूहळू वाकवी. ते ओरडत नसत, एकोणतीसचा पाढा म्हणत. सक्कमला आवाज चिरके. एकदा असाच चिरकला तेव्हा मनू म्हणाली, "आबाजी, मामाले किती दिवस पाडता? तुमचावाला तुम्ही पडा ना. त्यासाठीच करून राहिलो आपण हे." त्या दिवसापासून एकोणतीसचा संपला तरी ते थांबेनात, तिसाच्या पुढचे पाढे घेऊ लागले.

ते चालायला लागले. मनूला हैदराबादच्या एका इस्पितळात नोकरी लागली. निघायच्या सकाळी फाटकाशी गाडी उभी होती, ताई डब्यांच्या पिशव्या भरत होती. मी सवयीनं वाकलो आणि दुसऱ्यांदा वाकायला लागलो तर मामाजींनी दंड धरला. "थांब. आज माह्यावाला मी पडतो." ते काठी मला देऊन फाटक धरून उभे राहिले. त्यांचं अवघडणं बघून मनू हळूच व्हरांड्याच्या पायरीवर चढली, म्हणजे पाय जरा जवळ येतील. त्यांनी तिला खाली उतरवलं. असली चोरी नको म्हणाले. मग वाकले. डॉक्टरांनी गुडघे टेकायला कायमची मनाई केली होती, आणि कमरेनं साथ दिली ती थोडीच. हात खाली सरकत गेला आणि मनूच्या गुडघ्यापाशी थांबला. तिथून पुढे जाईना. मनू जागची हलली नाही. तिनं नुसता त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग ते सरळ झाले, आपला हात कपाळाला लावला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "ड्रॉप झालं गा." मला हसू आलं नाही.

आता पाहुणे त्यांच्या गुडघ्याला हात लावतात तेव्हा ते पाय मागे घेत नाहीत. मी अजूनही फाटकातून शिरताना वाकतो आणि मग लक्षात येतं की समोर कोणी नाही. मामाजींनी त्यावरही उपाय काढला आहे. मी गेलो की ते मनूला व्हिडिओवर फोन लावतात आणि सांगतात, माय, मोबाईल खाली धर, मामा आला. ती दिवसभराची थकलेली, इस्पितळाच्या बुटांतले पाय दाखवते. मी फोनपुढे वाकतो. मग मामाजी फोन आपल्या मांडीवर घेतात, आणि आता त्यांना मुळीच वाकावं लागत नाही. ते पडद्यावरच्या पावलांना बोट लावतात. पावलं नेमकी पडद्याच्या खालच्या टोकाला येतात, तिथेच फोन बंद करायचं लाल बटण असतं. त्यामुळे नमस्कार पोचतो आणि मनू जाते. पुन्हा लावून देऊ का, असं मी दरवेळी विचारतो. ते नकारार्थी मान हलवतात, बोट कपाळाला लावतात आणि काळा झालेला फोन तसाच मांडीवर धरून बसतात.