विबेकेच्या खणातली यादी

विबेके थोर्सगॉर ही कोपनहेगनच्या संसदेतल्या युरोप समितीची सचिव. सव्वीस वर्षं एकच खुर्ची, एकच खिडकी. नाकासमोर चालणारी बाई. विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही, कुणाची बाजू घ्यायची नाही, हे तिनं पहिल्याच दिवशी मनाशी पक्कं केलं होतं. म्हणाल तर शिस्त, म्हणाल तर आडमुठेपणा.

ब्रुसेल्सला युरोपीय संघाच्या बैठकीला निघायच्या आधी मंत्री शुक्रवारी या समितीपुढे येतात आणि आपण तिथे काय बोलणार ते सांगतात. मतदान वगैरे होत नाही. विरोधात बहुमत नाही ना, एवढं अध्यक्ष मोजतात, की मंत्र्याला मुभा मिळाली. टेबलावर ताजे पाव, लोणी, चीज. आणि खासदारांचा ठाम समज असा, की शुक्रवारी इथे ठरलं म्हणजे युरोपात ठरलं. आता काय बोलावं यावर!

आक्सेल राउनकिल्डे हा त्यातलाच. पन्नाशीचा, पश्चिम किनाऱ्याचा, मासेमारी करून संसदेत आलेला. निवडणुकीत त्यानं छापून वाटलं होतं की मी धक्क्यावर राहीन, विमानात नाही. ब्रुसेल्सला जाणाऱ्या खासदारांना तो फुकट जेवणारे म्हणायचा. त्याच्या गावात लहान होड्या उरल्या होत्या नऊ, त्यातली एक त्याच्या भावाची. आणि ब्रुसेल्समध्ये नियम येऊ घातला होता की लहान होड्यांनी वसंतात जाळी टाकायचीच नाहीत. वसंत गेला की या होड्यांना उरतं काय?

आक्सेलनं समिती दणाणून सोडली. मंत्र्यानं ठाम विरोध करायचा, असं वदवून घेतलं आणि सगळ्यांसाठी आणखी पाव मागवले. कोपऱ्यात विबेके टिपणं घेत होती. एकटा डेन्मार्क नियम अडवू शकत नाही, इतर देशही सोबत लागतात, हे तिला ठाऊक होतं. दुसऱ्या देशांच्या संसदांत मासेमारीचं काम बघणारे कोण, त्यांचे फोन नंबर काय, याची यादी ती दरवर्षी स्वतः करायची. ती खणात होती. मागितली तर देईन, असं म्हणून तिनं खण बंदच ठेवला.

तीन आठवडे गेले. ब्रुसेल्समधलं मतदान चार दिवसांवर आलं तेव्हा आक्सेलनं तिला विचारलं, आपल्या बाजूनं आणखी कोण आहे? तिनं यादी काढून दिली. सोमवारी तो नाक मुठीत धरून विमानात बसला.

ब्रुसेल्समध्ये त्याला आयर्लंडची खासदार फिनूला टियर्नी भेटली. तीही बंदरगावचीच. त्याच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीला ती हसली नाही. म्हणाली, "आमच्याकडेही अशाच होड्या आहेत. तीन आठवडे आम्ही तुमच्या फोनची वाट पाहिली. शुक्रवारी आमच्या मंत्र्यानं नियमाच्या बाजूनं मत द्यायचा शब्द दिला."

नियम पास झाला. विरोधात डेन्मार्क एकटाच. त्या उन्हाळ्यात नऊपैकी पाच होड्या विकल्या गेल्या. भावाचीही गेली.

परत आल्यावर आक्सेल विबेकेच्या टेबलाशी उभा राहिला.

"ही यादी कधीपासून होती तुझ्याकडे?"

"जानेवारीपासून."

"मग दिली का नाहीस?"

"तू मागितली नाहीस."

तो यादी तिच्या टेबलावर ठेवून निघून गेला. त्यानं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. विबेकेला स्वतःची भयंकर लाज वाटली, आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तिनं घरी जाऊन नवऱ्याला ऑफिसातली गोष्ट सांगितली.

पुढच्या शुक्रवारी प्रत्येक बशीशेजारी एक कागद होता. आजचा विषय, कोणत्या देशात कुणाशी बोलायचं, फोन नंबर. अध्यक्षांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"हे कुणी मागितलं होतं?"

"कुणीच नाही," विबेके म्हणाली, आणि टिपणवही उघडली.

विषय होता शेतातल्या खतांचा. आक्सेलचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. तरी तो कागद घेऊन उठला आणि फोन लावत बाहेर गेला.