डूल नसलेला बकरा

सकाळपासून हवा नुसती चिकट. दुधात पाणी घालावं तसं आभाळ पातळ होऊन खाली उतरलं होतं, आणि समुद्र कुठे संपला न् आभाळ कुठे लागलं याचा पत्ता नव्हता. असल्या हवेत गोंद धरत नाही. म्हणून मिस्त्री रोजच्यापेक्षा आधीच शेडमध्ये येऊन बसला होता. फोमचे पंख साच्यात घालून वर विटांचं वजन दिलं होतं, शेजारी टेबलफॅन लावला होता, आणि आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसा तो मधूनमधून पंखाच्या कडेवरून बोट फिरवून बघत होता.

गोदीच्या पार टोकाला असलेल्या या शेडमध्ये जे बनायचं ते मरायलाच बनायचं. आभाळातून येणारा हल्ला अडवायचा सराव लढाऊ जहाजांना करायचा, तर अडवायला समोरून काहीतरी यायला नको? ते काहीतरी मिस्त्री बनवायचा. दोन हातांच्या कवेत मावेल असं बिनमाणसाचं विमान. फोमचं अंग, लाकडाचा कणा, ढुंगणाला गवत कापायच्या यंत्रातलं इंजिन. सरकारी भाषेत त्याला भलंमोठं नाव होतं. शेडमध्ये सगळे त्याला बकरा म्हणत.

"दुनियेत ज्याचा माल टिकतो त्याला शाबासकी मिळते," शेडमधला रंगारी म्हणायचा, "आणि आपला माल परत आला की साहेब शिव्या घालतो. कसला हा धंदा!"

बकऱ्याला पोटाखाली एक डूल घालायचा रिवाज होता. पत्र्याच्या चकत्या एकमेकींत काटकोनात खोवलेल्या, दिसायला जत्रेतल्या भिरभिऱ्यासारख्या. फोम रडारला दिसत नाही म्हटलं तरी चालेल. पण डूल लटकवलं की एवढासा बकरा पडद्यावर मोठ्या क्षेपणास्त्रासारखा ठसठशीत उमटतो. शत्रूकडे मोठमोठी क्षेपणास्त्रंच होती त्या काळात हे योग्यच होतं. पुढे काळ बदलला, डूल राहिलं. लग्नाला निघालेली बाई जशी कानात काही घातल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही, तसा बकरा डुलाशिवाय शेडच्या बाहेर पडत नसे. का, हे विचारायचं कुणाच्या मनातही येत नसे. मिस्त्रीच्याही आलं नव्हतं, थोरली जहाजावर जाईपर्यंत.

थोरली म्हणजे त्याची मोठी मुलगी. जहाजाच्या पोटातल्या अंधाऱ्या खोलीत रडारच्या पडद्यासमोर तिची ड्यूटी असे. तिच्या जहाजाची परीक्षा या आठवड्यात होती, आणि पास झालं की ते लांबच्या पाण्यात जाणार होतं. तिथं युद्ध पेटलं होतं. मालवाहू जहाजांवर रोज ड्रोन येत होते. फोमचे, लाकडाचे, शिवणयंत्रासारखे खडखडणारे, चिल्लर किमतीचे. पाण्याला पोट घासत, हळू, घोळक्याने येत.

दुपारी जहाजांची परीक्षा घेणाऱ्या मॅडम आल्या. वयाने मिस्त्रीपेक्षा लहान, पण डोळ्यांखाली काळं धरलेलं.

"मिस्त्री, तीन द्या. तिकडे येतात तसेच हवेत. हळू आणि खालून जाणारे."

"तसेच हवेत ना? मग डूल कशाला?"

"नियमात आहे म्हणून."

"नियमात असेल. पण तिकडचा माणूस डूल घालून पाठवणार आहे का? की बाबा, मी आलो, मला बघा?"

रंगारी खुदकन हसला आणि मॅडमचा चेहरा बघून ब्रश धुवायला बाहेर गेला.

"तुम्हाला काय वाटतं, मला कळत नाही?" मॅडम स्टुलावर बसल्या. "जुनं रडार असलं हळू काही दिसलं की पक्षी समजून गाळून टाकतं. पक्षी आणि ड्रोन वेगळे ओळखणारं यंत्र हवंय. प्रत्येक फोमच्या तुकड्यावर घराएवढ्या किमतीचं क्षेपणास्त्र उडवायला नको, म्हणून प्रकाशाचा झोत मारणारी तोफ हवीय. सगळं मागितलंय. प्रयोगशाळेत चालतं, खारट हवेत अडतं. येणार आहे. पण जहाज त्याच्या आधी जाणार आहे. मग त्यांना नापास करून मी काय साधू? नवे डोळे माझ्याकडे द्यायला नाहीत. आंधळे आहात एवढं सांगून पाठवू?"

मॅडमचं खोटं नव्हतं. पण त्याच्या डोळ्यांसमोर ती अंधारी खोली आली आणि पडद्याकडे बघत निवांत बसलेली थोरली आली.

"आंधळ्याला आपण आंधळे आहोत हे माहीत असलं तर तो काठी तरी घेतो," तो म्हणाला. "मी एकाचं डूल काढतो. चोरून नाही, तुम्हाला सांगून काढतोय."

मॅडमनी एकदा खिडकीबाहेर बघितलं. मग उठल्या. "काढा. जबाबदारी माझी. पण जहाजावर कुणाला कळता कामा नये. घरीसुद्धा नाही. कळलं तर त्या परीक्षेला अर्थ नाही."

घरी कळू द्यायचं नाही हे बोलायला सोपं होतं. संध्याकाळी थोरली जेवायला आली ती घोड्यावर बसूनच.

"बाबा, परवा तुमचे बकरे कापणार आम्ही. रडू नका मग."

"बघू."

"बघू काय? आमच्या खोलीत माशी शिरली तरी पडद्यावर दिसते!"

"माशी शिरते ती तुमच्या उष्ट्या कपांमुळे," तिची आई वाढता वाढता म्हणाली. "आणि अहो, तुम्ही का तोंडात मिठाची गुळणी धरून बसलाय? पोरगी चाललीय, दोन शब्द बोला."

मिस्त्रीने भाताचा घास चिवडला. पोटच्या पोरीशेजारी बसून जेवताना आपण तिच्या वाटेत खड्डा खणून आलोय, असं त्याला वाटत राहिलं. आणि खड्डा नसता खणला तर? तर तो तिकडे कुणीतरी खणलेलाच होता.

"लक्ष देऊन बस पडद्यासमोर," एवढंच तो म्हणाला.

"त्याच्यावर तर पगार घेते," ती हसली.

परीक्षेच्या दिवशी मिस्त्री बकरे सोडणाऱ्या बोटीवर होता. पहिला सोडला. जहाजाची तोफ घरघरली आणि बकऱ्याचा भुगा पाण्यावर पसरला. दुसऱ्याचीही तीच गत. रेडिओवर जहाजावरचे आवाज खुशीत होते. तिसरा बोटीवरच्या रुळावरून सुटला, खाली झुकला, लाटांना चाटत निघाला. मिस्त्री त्याच्याकडे बघत होता. आयुष्यभर त्याने बकरे सोडले होते आणि प्रत्येक वेळी मनात एकच असायचं, की नीट जाऊ दे, नीट मरू दे. आज तो पुटपुटत होता, "बघा रे, बघा. अगं, बघ ना!"

तोफ गप्प होती. बकरा लहान होत होत जहाजाच्या करड्या रंगात मिसळला. मग रेडिओवर कुणाचा तरी अर्धा शब्द आला, आणि शांतता.

बकऱ्याच्या पोटात निळ्या पावडरची पिशवी असायची, पोचला तर कुठे पोचला ते कळायला. आजवर ती कधी जहाजावर फुटली नव्हती. बोटीवरच्या दुर्बिणीतून बघणारा म्हणाला, "मिस्त्री, अर्ध्या डेकला रंग लावलात की हो!" आणि पाठीवर थाप मारली. मिस्त्री तिथेच दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसला.

थोरली संध्याकाळी घरी आली तेव्हा बूटही न काढता दारातल्या खुर्चीवर बसली.

"डूल नव्हतं ना त्याला?"

"नव्हतं."

"तुम्ही काढलंत?"

"मी काढलं."

तिने मान हलवली. रागावली असती तर बरं झालं असतं. "पडद्यावर काहीच नव्हतं, बाबा. मी डोळे फाडून बघत होते. तुम्ही सांगितलं होतंत ना, लक्ष देऊन बस. बसले होते. आणि डोक्यावर धप्प झालं."

आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता.

"मग आता?" मिस्त्रीने विचारलं. "जहाज थांबवतील?"

"थांबवून पाठवायला दुसरं जहाज कुठे आहे? ठरल्या दिवशी निघतंय. फक्त कॅप्टननी नवीन पाळी लावलीय. तिकडचं पाणी आलं की दिवसभर उघड्या डेकवर माणसं उभी. दुर्बीण आणि मशिनगन. यंत्र येईल तेव्हा येईल, तोवर डोळे." ती बुटाची नाडी सोडू लागली. "मी नाव दिलं."

"कशाचं?"

"डेकवरच्या पाळीचं."

मिस्त्री उठून उभा राहिला. "कशाला? तू रडारची माणूस. आत चांगल्या जाड पोलादामागे…"

"तिथे बसून काय बघू? आज कळलं ना, काही दिसत नाही." तिचा आवाज चढला. "कालपर्यंत मी तिथे गाढ विश्वासाने बसत होते. आता रिकाम्या पडद्याकडे बघत बसले तर वेड लागेल मला. बाहेर निदान डोळ्यांनी दिसेल. आणि तुमचा बकरा कसा येतो, कसा आवाज करतो, हे त्या जहाजावर माझ्यापेक्षा कुणाला जास्त माहितीय? लहानपणापासून ऐकतेय."

मिस्त्रीला म्हणायचं होतं, मी हे यासाठी नाही केलं. पण मग कशासाठी केलं होतं? तिला कळावं म्हणूनच ना? तिला कळलं होतं.

थोरलीची आई दारात येऊन उभी होती. "झालं समाधान?" ती नवऱ्याला म्हणाली. "पोरगी घरात होती, तुम्ही अंगणात आणून उभी केलीत."

"आई, त्यांना काही बोलू नको."

"मी कुणाला काही बोलत नाही. मी कोण बोलणारी!" असं म्हणून ती आत गेली आणि नवऱ्याशी खरंच बोलेनाशी झाली.

जहाज ठरल्या दिवशी सकाळी निघालं. फाटकाशी थोरलीने बापाला मिठी मारली आणि कानात म्हणाली, "पुढच्या जहाजाला पण बिनडुलाचाच द्या." मग वळूनही न बघता गेली. त्याच दिवशी मॅडमचा निरोप आला, की आता सगळे बकरे डुलाशिवाय बनवायचे, आणि जास्त बनवायचे. रंगाऱ्याने डुलांची पेटी उचलून फळीवर मागे सारली. मिस्त्रीला त्यात काही जिंकल्यासारखं वाटलं नाही. लवकर सुट्टी घेऊन तो घरी आला.

मागच्या दारी बायको थोरलीच्या खोलीतल्या चादरी धूत होती. तिने वर पाहिलं नाही. तो तसाच चौकटीला टेकून उभा राहिला. दोन चादरी तिने एकटीने कशाबशा पिळल्या. तिसरी जाड होती, दुहेरी. पिळताना ती दोनदा तिच्या हातांतून निसटली, पाणी पायांवर सांडलं.

"उभे काय राहिलाय?" अखेर ती म्हणाली. "टोक धरा."

त्याने बाह्या वर सारल्या आणि टोक धरलं. ती एका बाजूने पिळू लागली, तो दुसऱ्या बाजूने.

"उलटं पिळा हो," ती म्हणाली. "त्याच बाजूने फिरवलं तर पिळायचं कसं?"

त्याने हात बदलला.